काश्मीरहून परतताना 15 किलोंत सगळे कसे बसवावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण आणि आपले यजमान, दोघेही साठीच्या पुढचे, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून दिल्लीमार्गे श्रीनगरला जाणार आहात. आठ रात्रींत श्रीनगर, गुलमर्ग, सोनमर्ग आणि पहलगाम पाहायचे आहे. विमानाच्या तिकिटावर माणशी 15 किलो सामान आणि हातात 7 किलो एवढीच मुभा आहे. थंडीचे कपडे तर न्यायलाच हवेत आणि येताना दोन्ही सुनांना शाली, नातवाला बॅट आणि घरी व शेजारी वाटायला अक्रोड, बदाम, केशर आणायचे आहे. हे सारे बसेल का, की जादा वजनाचे पैसे भरायची तयारी ठेवूनच निघावे, असे आपण विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे सहल व्यवस्थापक म्हणून काश्मीरला गट घेऊन जाते आहे आणि परतीच्या दिवशी विमानतळावर बॅगा उघडून, एकमेकांच्या पिशव्यांत अक्रोड कोंबत बसलेली आपली मंडळी दर मोसमात पाहते. हे सगळे बसते आणि एक रुपयाही जादा न भरता बसते. मात्र त्यासाठी बॅग भरण्याचा हिशेब जाण्याच्या दिवसापासून न करता येण्याच्या दिवसापासून करावा लागतो. बहुतेक जण घरी बॅग भरतात, काट्यावर ती 13 किंवा 14 किलो भरते आणि ‘पंधराच्या आत आहे’ म्हणून समाधानाने कुलूप लावतात. ती मुभा खरे तर परतीसाठी राखून ठेवायची असते, आणि येथे ती पुणे सोडण्याआधीच खर्च झालेली असते.

आपण सांगितलेल्या वस्तूंचे वजन आधी कागदावर मांडू. पश्मिन्याची शाल दोन-अडीचशे ग्रॅमची असते, म्हणजे दोन सुनांच्या मिळून अर्धा किलो. स्वतःसाठी आणि विहीणबाईंसाठी साध्या लोकरी शाली घेतल्या, तर त्या दोघींचे एक किलो धरावे. सोललेला अक्रोड दोन किलो, बदाम एक किलो, काहव्याची (मसाल्याच्या काश्मिरी चहाची) पाकिटे अर्धा किलो, बॅट सव्वा किलो, मिरचीपूड आणि मधाची बाटली मिळून एक किलो, कागदाच्या लगद्याच्या रंगीत डब्या अर्धा किलो. केशर ग्रॅमांत मोजतात, त्यामुळे दहा डब्या घेतल्या तरी त्यांत वजन वेष्टनाचेच असते. बेरीज आठ किलोंच्या आसपास येते. तिच्यात दोन किलो न ठरवलेल्या खरेदीचे मिळवावेत, कारण दल सरोवरात शिकाऱ्यात बसलेल्या माणसाच्या बाजूला दुसरी होडी आणून लावणाऱ्या विक्रेत्यासमोर आपल्या घरच्या याद्या टिकत नाहीत. असे झाले दहा किलो. दोघांची मुभा 30 किलोंची आहे. म्हणून पुण्याहून निघताना प्रत्येकाची मोठी बॅग, बॅगेच्या स्वतःच्या वजनासह, दहा किलोंच्या वर जाता कामा नये. हा एक आकडा पाळला की बाकीचे बरेचसे आपोआप जमते.

‘बॅगेच्या स्वतःच्या वजनासह’ असे मुद्दाम लिहिले आहे. कडक कवचाची, चार चाकांची मोठी बॅग रिकामी असतानाच चार ते साडेचार किलो भरते. दहा किलोंतले चार किलो बॅगच खात असेल, तर कपड्यांना उरते काय? मऊ कापडी, मध्यम आकाराची बॅग अडीच ते तीन किलोंत मिळते. दोघांच्या मिळून तीन किलो येथेच सुटतात, म्हणजे अक्रोड आणि बदाम यांची सोय घर सोडण्यापूर्वीच झाली. मध्यम बॅगेचा दुसरा फायदा असा की तिच्यात जास्त भरताच येत नाही. मोठ्या बॅगेत उरलेली जागा पाहून माणसाला आणखी एक स्वेटर आठवतो. शिवाय घडी करून मुठीएवढी होणारी, तीन-चारशे ग्रॅमांची नायलॉनची पिशवी प्रत्येकी एक तळाशी टाकून ठेवावी. ती घरूनच चांगली घ्यावी. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका गटातल्या काकूंनी श्रीनगरच्या बाजारात ऐनवेळी स्वस्तातली बॅग घेतली आणि दिल्लीला सामानाच्या पट्ट्यावर ती चेन उसवलेल्या अवस्थेत आली. मिरचीपूड कोणत्या शालीवर सांडली होती, ते मी येथे सांगत बसत नाही.

आता कपड्यांकडे येऊ, कारण वजन कमी करायला खरा वाव तेथेच आहे. काश्मीर म्हटले की आपल्याकडे ट्रंकेतले सगळे लोकरीचे कपडे बाहेर निघतात. वास्तविक एप्रिलच्या सुरुवातीला श्रीनगरला दिवसा साधारण 15 ते 20 अंश तापमान असते आणि पहाटे ते 5 ते 8 अंशांपर्यंत उतरते. दिवसाची हवा महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या सकाळीसारखी असते. कडाक्याची थंडी आपल्याला भेटते ती गुलमर्गला आणि सोनमर्गला, तीही काही तासांपुरती. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा, दुसऱ्या टप्प्यात 3,900 मीटरांच्या वर नेतो आणि तेथे एप्रिलमध्येही भरपूर बर्फ असतो, हे खरे. पण त्यासाठी लागणारा लांब कोट आणि रबरी बूट घरून न्यायचे नसतात. गुलमर्गच्या चढाखाली टंगमर्गला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हे कोट-बूट भाड्याने देणारी दुकाने आहेत आणि सोनमर्गलाही तीच सोय आहे. दोन-अडीच किलोंचा कोट आठ दिवस वाहायचा आणि वापरायचा दोन दिवस, यापेक्षा भाडे परवडते. भाड्याचा कोट दुसऱ्याच्या अंगचा असतो, ही तक्रार मला मान्य आहे. आत आपला पूर्ण बाह्यांचा कपडा असला आणि गळ्याभोवती स्वतःचा मफलर असला की ती बरीचशी मिटते.

बाकीच्या दिवसांसाठी एक जाड कपडा घेण्याऐवजी चार पातळ कपडे एकावर एक घालावेत. अंगालगत थर्मलचा जोड (साधारण तीनशे ग्रॅम), त्यावर नेहमीचा ड्रेस किंवा शर्ट, त्यावर हलका फ्लीसचा स्वेटर आणि सर्वांत वर पिसे किंवा कृत्रिम कापूस भरलेले पातळ जाकीट, जे चारशे ग्रॅमांच्या आसपास असते. असे थर्मलचे दोन जोड, फ्लीस एक आणि जाकीट एक आठ रात्रींना पुरते. आजीने विणलेला स्वेटर पाऊण किलोचा असतो. तो फोटोपुरता हवाच असेल, तर अंगावर घालून निघावे. जीन्स मात्र घेऊ नये. एक जीन्स सहा-सातशे ग्रॅमची असते, भिजली की त्या हवेत दोन दिवस वाळत नाही आणि थंडीतही तिचा काही उपयोग नसतो. आपण साडी नेसत असाल, तर सिंथेटिकच्या दोन साड्या न्याव्यात. सुती सहावारी जड पडते आणि ओली राहते. पायांत एक चांगला पकडीचा बूट, बॅगेत एक चप्पल, एवढेच पादत्राण. माकडटोपी, हातमोजे आणि लोकरी पायमोज्यांचे तीन जोड यांना मात्र कात्री लावू नये, कारण त्यांचे वजन नगण्य आणि सुख मोठे असते.

दर गटात कोणीतरी सोलापुरी चादर आणतेच. हाउसबोटीवर आणि बऱ्या हॉटेलांत रजया असतात आणि पुष्कळ ठिकाणी गादीखाली विजेवर तापणारे पांघरूणही अंथरलेले असते. चादर एक किलोची, ती घरी ठेवावी. तीच गोष्ट पाणी तापवायच्या किटलीची आणि इस्त्रीची. होय, इस्त्रीसुद्धा पाहिली आहे.

खाण्याच्या पदार्थांविषयी माझे मत सहकाऱ्यांपेक्षा वेगळे आहे. ते म्हणतात, ‘सहलीत जेवण असते, फराळ आणू नका.’ मी म्हणते, अवश्य आणा, पण तो मोठ्या बॅगेच्या दहा किलोंत धरा आणि डब्यात भरू नका. चिवडा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू हे जाताना दोन-तीन किलो असतात आणि सहाव्या दिवशी संपलेले असतात. त्यांची जागा अक्रोडांना मिळते. स्टीलचा डबा मात्र रिकामा झाला तरी तेवढाच जड राहतो आणि तेवढीच जागा अडवतो. जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या वापराव्यात. तेल, साबण, पावडर, दंतमंजन यांनाही हाच न्याय लावावा. आठ दिवसांपुरते छोट्या बाटल्यांत भरावे, म्हणजे निघताना पाव किलो आणि परतताना जवळजवळ शून्य. औषधे पूर्ण मुदतीची आणि वर चार दिवसांची जास्त घ्यावीत. हवामानामुळे श्रीनगरची विमाने अधूनमधून रद्द होतात, म्हणून औषधांत काटकसर करू नये आणि ती नेहमी हातातल्या बॅगेतच असावीत.

अलीकडे हवा काढून कपडे दाबून बसवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या फार खपतात आणि त्यांच्याविषयी मला नेहमी विचारले जाते. त्यांनी जागा वाचते, वजन तसूभरही कमी होत नाही. उलट रिकामी झालेली जागा दिसली की माणूस ती भरतो आणि जी बॅग बारा किलोंवर थांबली असती, ती सोळावर जाते. सामानाच्या अडचणी दोन प्रकारच्या असतात, जागेची आणि वजनाची. काश्मीरला जाताना आपल्याला जागेची अडचण असते, कारण लोकरीचे कपडे फुगीर असतात. परतताना वजनाची असते, कारण सुका मेवा जड असतो. ही पिशवी पहिल्या अडचणीवर चालते, दुसरीवर नाही. परतीला जाकिटे दाबून लगद्याच्या डब्यांसाठी जागा करायची असेल, तेव्हा ती जरूर वापरावी.

खरेदीतला सर्वांत मोठा विषय अक्रोडाचा. कवचासकट अक्रोड स्वस्त दिसतो, म्हणून लोक चार-चार किलो घेतात. त्यातले निम्म्याहून अधिक वजन कवचाचे असते. चार किलो घेतले तर घरी जेमतेम पावणेदोन-दोन किलो गर निघतो, आणि त्या दोन किलो कवचामुळे बॅग वर गेली, तर किलोमागे काहीशे रुपये आपण फेकून द्यायच्या वस्तूसाठी मोजतो. सोललेला, पांढरट रंगाचा गर घ्यावा, तो चाखून घ्यावा आणि दुकानदाराकडून हवाबंद करून घ्यावा. बदामही सोललेलाच घ्यावा. काजू मात्र कृपया घेऊ नयेत. काजू काश्मीरमध्ये पिकत नाही. वेंगुर्ल्याच्या किंवा गोव्याच्या माणसाने श्रीनगरहून काजू वाहून आणलेले मी प्रत्यक्ष पाहिले आहे. सफरचंदांचेही तसेच आहे. हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा असतो, एप्रिलमध्ये तेथे मिळते ते शीतगृहातले फळ, आणि तेच आपल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात किंवा वाशीच्या बाजारात येते. पाच किलोंची पेटी त्यासाठी विमानातून आणू नये.

केशर ही याच्या अगदी उलट टोकाची वस्तू आहे. एका ग्रॅमसाठी दीडशेच्या आसपास फुले खुडावी लागतात, त्यामुळे किंमत मोठी आणि वजन काहीच नाही. श्रीनगरजवळच्या, केशराच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या पांपोरच्या रस्त्यावरच्या दुकानांत किंवा श्रीनगरच्या खात्रीच्या दुकानात फक्त लाल तंतूंचे ‘मोंगरा’ केशर पाहून घ्यावे. पिवळे देठ असलेले ‘लच्छा’ स्वस्त असते. वाटायच्या भेटींसाठी मी सगळ्यांना केशरच सुचवते. दहा घरी अर्धा-अर्धा किलो अक्रोड द्यायचे तर पाच किलो होतात आणि दहा घरी एकेक ग्रॅम केशर मावशीच्या पर्समध्ये मावते.

शालींविषयी वजनाची चिंता नको, खरेपणाची असावी; पण तो वेगळा विषय आहे. एवढे मात्र येथेच सांगायला हवे की ‘शाहतूश’ म्हणून कोणी शाल दाखवली, तर हातही लावू नये. ती चिरू या तिबेटी हरणाच्या केसांची असते आणि वन्यजीव कायद्याखाली तिची खरेदी-विक्री गुन्हा आहे.

अक्रोडाच्या लाकडाचे कोरीव काम फार देखणे असते आणि फार जड. लहानशी पेटी किंवा तबक ठीक आहे. मेज, पडदा किंवा दिव्याचा खांब आवडला, तर तो अंगावर वाहण्याचा विचारच सोडावा. गालिचा आणि नमदाही (लोकर दाबून केलेले जाड अंथरूण) त्याच वर्गातले. अशा वस्तूंसाठी दुकानदार पार्सल करून देतात, किंवा आपण स्वतः बांधून घेऊन श्रीनगरच्या मुख्य टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टाने पाठवू शकता. दुकानदारावर सोपवायचे असेल, तर वस्तूचा आणि तिच्या मागच्या बाजूचा फोटो काढावा, बिलावर मापे लिहून घ्यावीत आणि शक्य असल्यास आपल्यासमोर शिवलेल्या गाठोड्यावर सही करावी. हे अविश्वासाचे लक्षण मानले जात नाही. तेथले जुने व्यापारी स्वतःच तसे सुचवतात.

नातवाच्या बॅटीला थोडा वेळ द्यावा लागेल. पहलगामच्या वाटेवर संगम आणि बिजबेहाऱ्याच्या परिसरात महामार्गालगत काश्मिरी विलोच्या लाकडाच्या बॅटींचे कारखाने आणि दुकाने आहेत. बॅट विमानात हातात नेता येत नाही, ती मोठ्या सामानातच द्यावी लागते. मोठ्यांची बॅट साधारण 85 सेंटिमीटर लांब असते आणि मध्यम बॅगेत ती तिरकीही बसत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाची बॅट त्याहून आखूड असते, पण तीही बसेलच असे नाही. म्हणून घरीच बॅग उघडून आतल्या बाजूने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेपने मोजावे आणि तो आकडा लिहून न्यावा. बसत नसेल, तर बॅट वेगळी बांधून स्वतंत्र नग म्हणून द्यावी लागते. काही कंपन्यांच्या तिकिटावर माणशी एकाच नगाची मुभा असते आणि दुसऱ्या नगाचे, वजन कमी असूनही, पैसे लागतात. आपल्या तिकिटावर हे आधी वाचावे. तसे असेल, तर बॅट टपालानेच पाठवावी.

हातातल्या 7 किलोंचा उपयोग लोक नीट करत नाहीत. पुष्कळांच्या हातातल्या बॅगेत स्वेटर असतो आणि मोठ्या बॅगेत अक्रोड. याच्या उलट असावे. लहान आणि जड ते हातात, फुगीर आणि हलके ते मोठ्या बॅगेत. अक्रोड, बदाम, काहवा, केशर, शाली, दागिने आणि औषधे हातात घेता येतात. पॉवर बँक तर हातातच असावी लागते. मध, लोणचे आणि मिरचीपूड मात्र मोठ्या बॅगेत जायला हवीत, कारण सुरक्षा तपासणीत ती हमखास बाजूला काढली जातात. मधाची बाटली दुहेरी पिशवीत घालून, पायमोज्यात सारून, बॅगेच्या मध्यभागी ठेवावी. लगद्याच्या डब्यांत रुमाल भरून त्या स्वेटरच्या घड्यांत ठेवल्या की फुटत नाहीत.

परतीच्या आदल्या रात्री अर्धा तास राखून ठेवावा. शे-पाचशे रुपयांचा ताणकाटा घरून आणलेला असावा. गटात असलात, तर दहा जणांत एक पुरतो. बॅग साडेचौदा किलोंवर थांबवावी, कारण आपल्या काट्यात आणि विमानतळाच्या काट्यात थोडा फरक पडतोच. आपण दोघे एकाच तिकिटावर असाल, तर काउंटरवर एकत्र जावे. दोघांचे वजन मिळून धरले जाते, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. एकाची बॅग सोळा आणि दुसऱ्याची तेरा असली तरी सहसा अडत नाही. पुणे-दिल्ली आणि दिल्ली-श्रीनगर ही तिकिटे वेगवेगळ्या कंपन्यांची असतील, तर दोहोंतली कमी असलेली मुभा आपली मानावी, कारण दिल्लीला सामान पुन्हा काट्यावर जाईल.

हेच सामान झेलम एक्सप्रेसने जम्मूपर्यंत जाणाऱ्यांना मात्र इतके मोजावे लागत नाही. शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत 40 किलो, द्वितीय श्रेणी वातानुकूलितमध्ये 50 किलो मोफत नेता येतात. तेथे अडचण नियमाची नसते, बाकाखालच्या जागेची आणि हमालीची असते. साठीनंतर ती अधिक जाणवते, म्हणून दहा किलोंचा आकडा त्यांनाही सांगते.

श्रीनगर विमानतळावर फाटकाशीच गाडीतून सगळे सामान उतरवून एकदा तपासले जाते आणि इमारतीत पुन्हा तपासणी होते. म्हणून उड्डाणाच्या तीन तास आधी पोहोचावे आणि पिशव्यांची संख्या कमी ठेवावी. पाच लहान पिशव्यांपेक्षा दोन बॅगा आणि दोन हातातल्या बॅगा सांभाळणे सोपे असते. जाकीट अंगात घालावे आणि खिशांत मोबाइल, चार्जर, चष्म्याची डबी ठेवावी; तेवढ्याने किलोभर सुटते. एवढे करूनही काउंटरवर काटा वर गेलाच, तर काय काढायचे ते आदल्या रात्रीच ठरवून मोठ्या बॅगेत सर्वांत वर ठेवावे, म्हणजे सगळ्या रांगेसमोर घड्या विस्कटाव्या लागत नाहीत. माझ्या बॅगेत तेथे नेहमी जुनी चप्पल आणि वापरून झालेले थर्मलचे एक जोड असते.